ग्रीकांच्या लेखी ‘माहीत असणं’ म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं सहा-सात जणांचं वाचनमंडळ आहे. शनिवारी संध्याकाळी जमायचं, चार-पाच पानं वाचायची आणि उरलेला वेळ भांडायचं. काही वर्षांपूर्वी प्लेटो हातात घेतला आणि त्याच्या आगेमागे असलेले बाकीचे ग्रीकही आले. मंडळात नवा माणूस आला की फिरून फिरून तेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. काही लांबली आहेत, कारण ते प्रश्न मला आवडतात.

ग्रीक तत्त्वज्ञ म्हणजे ग्रीस देशातले ना?

सुरुवातीचे बहुतेक नाहीत. थेलीसचं मिलेटस आणि हेराक्लिटसचं इफेसस ही गावं आजच्या तुर्कस्तानात येतात. पार्मेनिडीसचं एलिया दक्षिण इटलीत, तर एम्पेडॉक्लीस सिसिलीचा. उत्तरेला थ्रेसच्या किनाऱ्यावरच्या ॲबडेरा नावाच्या एकाच गावाने डिमॉक्रिटस आणि प्रोटॅगोरस असे दोघे दिले. अथेन्सचा नंबर बराच नंतर लागतो. तिथेच जन्मलेला पहिला मोठा तत्त्वज्ञ म्हणजे सॉक्रेटिस. मिलेटस तेव्हा गजबजलेलं बंदर होतं. पुढे मिअँडर नदीने गाळ आणून आणून समुद्रच लांब ढकलला, आणि आता तिथलं भग्न नाट्यगृह सपाट शेतजमिनीकडे तोंड करून उभं आहे.

‘सगळं पाण्यापासून झालं’ असं म्हणणारा थेलीस साफ चुकला होता. मग त्याला पहिला मान कशासाठी?

चुकला म्हणूनच, असं म्हणायला हरकत नाही. थेलीस म्हणाला, मुळात पाणी. त्याच गावातला ॲनॅक्झिमँडर म्हणाला, पाणी कसं असेल? पाणी ओलं, मग कोरडं आणि उष्ण कुठून येणार? मूळ तत्त्व असं हवं की ज्याला कोणताच ठरावीक गुण नाही. त्याला त्याने ‘अपायरॉन’, म्हणजे अमर्याद, असं नाव दिलं. मागून ॲनॅक्झिमिनीस आला आणि त्याने हवा धरली. विरळ झाली की अग्नी, दाट होत गेली की वारा, ढग, पाणी, माती, दगड. एकाच गावात शंभरेक वर्षांच्या आत तीन माणसं आधीच्याला खोडतात आणि खोडताना कारण देतात. ‘अमुक देवाने सांगितलं’ हे उत्तर तिथे चालत नाही. थेलीसचं पाणी गेलं, ही सवय मागे राहिली.

‘एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही’ हे हेराक्लिटसचंच वाक्य ना?

या रूपात ते प्लेटोकडून आपल्यापर्यंत आलं आहे. हेराक्लिटसच्या शब्दांच्या सगळ्यांत जवळचा मानला जाणारा तुकडा जरा वेगळं सांगतो: त्याच नद्यांमध्ये उतरणाऱ्यांच्या अंगावरून वेगवेगळं पाणी वाहत जातं. त्यातलं ‘त्याच’ निसटू देऊ नका. पाणी बदलतं म्हणून तर ती नदी. पाणी थांबलं तर डबकं होईल. म्हणजे सगळंच निसटतं आहे असं त्याला म्हणायचं नसावं. बदलण्यातूनच टिकणारं असं काहीतरी तो दाखवतो आहे.

टोक गाठलं ते त्याच्या मागून आलेल्या, त्याच्याच वाटेने गेलेल्या क्रॅटिलसने. तो म्हणे, दोनदा कसलं, एकदाही उतरता येत नाही. ॲरिस्टॉटल सांगतो की शेवटी शेवटी त्याने बोलणंच सोडलं. तो नुसतं बोट हलवायचा.

पार्मेनिडीस म्हणतो बदल नाहीच. असं कुणी शहाणा माणूस कसं म्हणेल?

आमच्या मंडळात सगळ्यांत जास्त आवाज चढतो तो याच्यावरून. पार्मेनिडीसने इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला एक कविता लिहिली. एक तरुण रथात बसून निघतो, सूर्यकन्या वाट दाखवतात, रात्र आणि दिवसाच्या दारातून तो आत जातो आणि तिथे देवी त्याचा हात हातात घेऊन सांगते: सत्य ऐक, आणि माणसांची मतंही ऐक, पण त्या मतांवर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही. इथवर एखादी पुराणकथा वाटते. पुढे देवी जे देते तो मात्र वर नाही, दृष्टान्तही नाही. ती युक्तिवाद देते आणि त्याला सांगते, माझं म्हणणं बुद्धीने पारखून घे.

युक्तिवाद असा. जे नाही, त्याचा विचार करता येत नाही आणि त्याच्याबद्दल बोलताही येत नाही. आता बदल म्हणजे काय? आधी नसलेलं काही असं होणं. म्हणजे ‘नाही’मधून ‘आहे’ येणं. पण ‘नाही’ची तर भाषाच बंद केली. आणि शून्यातून काही उगवलंच असेल, तर ते कालच का उगवलं, परवा का नाही? म्हणून जे आहे ते जन्मत नाही, मरत नाही, तुटत नाही, हलत नाही. डोळ्यांना वेगळं दिसत असेल तर तो डोळ्यांचा प्रश्न.

हसू येतं खरं. पण नेमकी कोणती पायरी चुकली ते दाखवा म्हटलं की गाडी अडते. नंतरच्या प्रत्येकाला आधी याच्याशी हिशेब चुकता करावा लागला. एम्पेडॉक्लीसची चार मुळं (माती, पाणी, हवा, अग्नी), डिमॉक्रिटसचे अणू, प्लेटोची आदर्श रूपं: ‘शून्यातून काही येत नाही हे मान्य, तरी जग हलतं’ हे सांगण्याच्याच या वेगवेगळ्या वाटा.

ही कविता आपल्याला अर्धीमुर्धी मिळाली, जेमतेम दीडशे-एकशे साठ ओळी. त्यातल्या बऱ्याचशा वाचल्या त्या इ.स. सहाव्या शतकातल्या सिंप्लिकियसमुळे. मूळ ग्रंथ दुर्मीळ झाला आहे म्हणून उतारेच्या उतारे देतो, असं तो स्वतः लिहितो. हजार वर्षांनंतरच्या एका भाष्यकाराला तेवढी काळजी वाटली नसती तर ही देवी मुकीच राहिली असती.

हे तर गीतेतलं ‘नासतो विद्यते भावो’ झालं!

हा प्रश्न नाही, पण दर वेळी कुणीतरी हे म्हणतंच. साम्य आहे, आणि ते डोळ्यात भरतं. पण ते वचन कशासाठी आलंय ते बघा. तिथे रणांगणावर हातपाय गळालेल्या माणसाला आत्मा मरत नाही असं सांगायचं आहे. पार्मेनिडीसला कुणाचं सांत्वन करायचं नाही. ‘आहे’ या एका शब्दातून काय काय निघतं, तेवढंच त्याला बघायचं आहे. सारखं दिसलं की ‘आपल्याकडे होतंच’ म्हणून पुस्तक मिटायची घाई नको.

झीनोचं कासव गणिताने कधीच सोडवलं ना?

झीनो हा पार्मेनिडीसचा शिष्य. त्याचं कोडं असं: अकिलीस हा वेगवान वीर कासव होतं तिथे पोचेपर्यंत ते थोडं पुढे सरकलेलं असतं, आणि दर वेळी हेच, मग तो त्याला गाठणार कधी? यातली बेरीज सुटली. कासव शंभर मीटर पुढे आणि अकिलीस त्याच्या दहापट वेगाने धावतोय, तर १०० + १० + १ + ०.१ … मिळून १११.१ मीटरच्या थोडं पुढे तो त्याला गाठतो. झीनोलाही तो गाठतो हे दिसत होतंच. तो काही आंधळा नव्हता. त्याचं विचारणं वेगळं आहे: जागा आणि वेळ अनंत तुकड्यांची बनली आहे असं मानलंत, तर न संपणाऱ्या पायऱ्या एकामागून एक ‘पूर्ण करणं’ म्हणजे नेमकं काय, ते सांगा. त्यावर अजून लिहिलं जातंय.

डिमॉक्रिटसचे अणू आणि शाळेतले अणू एकच का?

नाव एक. त्याचे अणू फोडता येत नाहीत, शाळेतले येतात. आणि त्याने प्रयोग करून ते शोधले नव्हते, पार्मेनिडीसला उत्तर म्हणून मांडले होते. प्रत्येक अणू पार्मेनिडीसच्या ‘आहे’सारखाच अजन्मा आणि अभेद्य, फक्त ते असंख्य, आणि मधे पोकळी.

मला त्याच्यात आवडतं ते दुसरंच. तो म्हणतो: गोड हे रूढीने, कडू रूढीने, ऊन-थंड रूढीने, रंगही रूढीने, खरे ते फक्त अणू आणि पोकळी. बुद्धीने इंद्रियांना असं झटकून टाकलं. मग त्यानेच इंद्रियांना बोलतं केलं, आणि ती बुद्धीला म्हणतात: बिचारे, पुरावा आमच्याकडून घेतेस आणि आम्हालाच पाडतेस? आम्ही पडलो की तूही पडलीस. हा तुकडा गेलनने, म्हणजे एका वैद्याने, जपून ठेवला. स्वतःच्याच सिद्धान्ताचा दुखरा भाग इतक्या प्रामाणिकपणे उघडा करणारे थोडेच.

‘माणूस हेच सगळ्या गोष्टींचं माप’ म्हणजे ज्याचं त्याचं खरं?

प्लेटोने तरी प्रोटॅगोरसचा अर्थ तसाच लावला. उदाहरण वाऱ्याचं आहे: एकच वारा वाहतोय, एकाला हुडहुडी भरते, दुसऱ्याला काही नाही. वारा मुळात थंड आहे का? प्रोटॅगोरस म्हणेल, ज्याला वाजतो त्याला थंड. इथपर्यंत गंमत नाही. गंमत पुढे: ‘प्रोटॅगोरस चूक आहे’ असं ज्यांना वाटतं त्यांचंही त्यांच्यापुरतं खरंच, हे त्याला कबूल करावं लागेल. यातून तो सुटतो की नाही यावर मंडळात दोन तट आहेत. मी ‘सुटत नाही’वाल्यांत, पण वैद्याचं उदाहरण देऊन तो जी बाजू लावतो ती कच्ची नाही: आजाऱ्याला अन्न कडू लागतं ते खोटं नसतं, वैद्याचं काम त्याची स्थिती बदलायची. ही बाजूही प्लेटोनेच त्याच्या तोंडी घातली आहे. प्रतिपक्षाला असं बळ देणारा लेखक विरळा.

‘मला एवढंच कळतं की मला काही कळत नाही’ असं सॉक्रेटिस म्हणाला का?

या शब्दांत नाही. त्याने स्वतः काही लिहिलंच नाही; इ.स.पू. ३९९मधल्या खटल्यात तो जे बोलला ते प्लेटोने लिहिलेलं आपण वाचतो. तिथे किस्सा असा: त्याचा मित्र कायरेफॉन डेल्फीला गेला आणि सॉक्रेटिसपेक्षा शहाणा कुणी आहे का, असं त्याने देवाला विचारलं. उत्तर आलं, नाही. सॉक्रेटिसला ते पटेना, म्हणून तो राजकारणी, कवी, कारागीर अशा एकेकाला गाठून विचारत सुटला. पहिल्याच राजकारण्याकडून परतताना तो मनाशी म्हणतो की या गृहस्थापेक्षा मी एवढाच शहाणा, की जे मला माहीत नाही ते माहीत आहे असं मला वाटत नाही. ‘काहीच कळत नाही’ आणि हे, यांत फरक आहे. कारागिरांना तर आपल्यापेक्षा बरंच काही येतं, हे तो उघड मान्य करतो. चपला कशा शिवायच्या हे त्यांना खरोखर माहीत होतं. त्यांची चूक एवढीच की हातातलं कसब आहे म्हणून बाकीच्या मोठ्या गोष्टीही आपल्याला कळतात असं त्यांनी धरलं.

बरोबर मत असलं की झालं. त्याला ‘ज्ञान’ वेगळं म्हणायची गरज काय?

माझ्या मते सगळ्या ग्रीक विचाराचं मर्म याच प्रश्नात आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस लारिसा गावच्या रस्त्याचं उदाहरण देतो. एक जण त्या रस्त्याने गेलेला आहे. दुसरा कधी गेला नाही, पण त्याचा अंदाज बरोबर आहे. दोघेही तुम्हाला लारिसालाच पोचवतील. मग फरक काय? सॉक्रेटिस म्हणतो, दंतकथेतल्या डेडॅलस या कारागिराच्या पुतळ्यांसारखं आहे हे. ते इतके जिवंत की बांधून ठेवले नाहीत तर पळून जातात. बरोबर मतंही अशीच: असतात तोवर छान, पण फार वेळ टिकत नाहीत. कारणाच्या दाव्याने बांधली की मग त्यांचं ज्ञान होतं. वाटेत कुणी दुसराच रस्ता दाखवला, की अंदाजवाला डगमगतो. जाऊन आलेला नाही.

याच संवादात तो मेनोच्या एका गुलाम पोराला बोलावतो आणि जमिनीवर चौरस काढतो. बाजू दोन फूट, क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट, आठचा चौरस काढायचा तर बाजू किती? पोरगा ठणकावून सांगतो, दुप्पट, चार फूट. काढून बघतात: सोळा. मग तीन? नऊ. आता पोरगा म्हणतो, देवाशपथ, मला नाही माहीत. सॉक्रेटिस मेनोकडे वळून म्हणतो, बघ, हा आता आधीपेक्षा बरा आहे. मग कर्ण काढला जातो आणि त्या कर्णावर आठचा चौरस बसतो. कागदावर करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ‘अरे!’ होतं ते वाचून होत नाही.

घाईत वाचणाऱ्यांचं पुढचं वाक्य सुटतं. उत्तर मिळाल्यावरही सॉक्रेटिस पोराला ज्ञान झालं असं म्हणत नाही. त्याची मतं सध्या स्वप्नात असल्यासारखी जागी झाली आहेत, हेच त्याला पुष्कळदा, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं तर त्याला नीट कळेल, असं तो म्हणतो. शिकवणीत उत्तर ‘आलं’ आणि परीक्षेत आकडे बदलले की घाम फुटला, हे ज्याने अनुभवलंय त्याला हे वेगळं समजवायला नको.

न्यायालयाचं उदाहरण कुठलं? कुणीतरी सांगितलं होतं.

ते प्लेटोच्याच ‘थिइटिटस’ या संवादातलं. अथेन्सच्या न्यायालयात शेकडो नागरिक पंच म्हणून बसत, आणि भाषणाला वेळ मोजून मिळे. मोजायला पाण्याचं घड्याळ. आपलं घटिकापात्र पाण्यावर ठेवलं की भोकातून भरत भरत बुडतं. अथेन्सचं उलट, वरच्या भांड्यातून खाली रिकामं होई. तिथल्या चौकाच्या उत्खननात असं एक मातीचं भांडं सापडलं आहे: साधारण ६.४ लिटर पाणी, सहाएक मिनिटांत खलास. तेवढ्या वेळात वकिली जिभेने पंचांना पटवायचं. समजा त्यांनी न पाहिलेल्या चोरीबद्दल निकाल दिला आणि तो अगदी बरोबर निघाला. त्यांना माहीत होतं का? सॉक्रेटिस म्हणतो नाही. त्यांचं मत खरं निघालं इतकंच. जे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही, ते त्यांना पटवून दिलं गेलं.

प्लेटोच्या गुहेचं रूपक एका ओळीत सांगा.

भिंतीवरच्या सावल्यांनाच जग समजणारे जन्मकैदी, त्यांतला एक सुटून उन्हात जातो, त्याचे डोळे दिपतात, आणि परत येऊन सांगू लागला की बाकीचे त्याला हसतात. तरी प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये अख्खं वाचा. विशेषतः सॉक्रेटिस ‘हे आपल्यासारखेच’ म्हणतो तिथे थबका.

ॲरिस्टॉटलने प्लेटोला खोडलं का?

वीस वर्षं त्याच्या अकादमीत काढली, आणि खोडलंही. प्लेटोच्या मते प्रत्येक सुंदर वस्तूपलीकडे ‘सौंदर्य’ हे न बदलणारं रूप आहे, आणि ज्ञान होतं ते त्याचं. ॲरिस्टॉटल विचारतो, घोड्याचं घोडेपण घोड्याबाहेर कुठे ठेवलंय? रूप वस्तूतच असतं. ब्राँझ आणि आकार वेगळे करून बोलता येतात, पण पुतळा एकच. या आक्षेपाची बीजं प्लेटोच्याच ‘पार्मेनिडीस’ संवादात आहेत, तेही विसरू नये.

सत्याची त्याची व्याख्या इतकी साधी आहे की नवखे वाचक ‘एवढंच?’ म्हणतात: जे आहे ते आहे आणि जे नाही ते नाही असं म्हणणं म्हणजे सत्य. पण लगेच तोच पेच घालतो. ‘उद्या समुद्रावर लढाई होईल’ हे वाक्य आज खरं की खोटं? आजच खरं असेल तर उद्या ती टाळता यायची नाही.

डोळ्यांनी स्वच्छ दिसलं, तरी शंका घ्यायची?

यावर स्टोइक (स्वच्छ दिसलेल्यातून खात्रीचं ज्ञान मिळतं म्हणणारे) आणि संशयवादी दीड-दोनशे वर्षं भांडले. स्टोइकांचा मूळ पुरुष, किटियमचा झीनो (कासववाला नव्हे), हात दाखवून शिकवायचा. पंजा उघडा: हा ठसा, जे दिसतं ते. बोटं जरा मिटली: ही संमती. मूठ आवळली: ही पकड. मग डाव्या हाताने ती मूठ घट्ट दाबली: हे ज्ञान, आणि ते फक्त ज्ञानी माणसाकडे. रोमन लेखक सिसेरोने हे लिहून ठेवलंय. करून बघा, पाठ होतं.

या पंथाचा स्फायरस इजिप्तच्या टॉलेमी राजाकडे गेला. राजाने त्याच्यापुढे मेणाची डाळिंबं ठेवली. गडी फसला, आणि राजा ओरडला, खोट्या ठशाला संमती दिलीस! स्फायरस म्हणाला, ही डाळिंबं आहेत याला मी संमती दिली नव्हती. डाळिंबं असणं सयुक्तिक आहे, एवढ्यालाच दिली. उत्तर हजरजबाबी, पण मला विचाराल तर तो भांडण तिथेच हरला.

समोरच्या, संशयवाद्यांच्या बाजूला कार्निआडीस. त्याचं उदाहरण वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो: अंधाऱ्या खोलीत दोरीचं वेटोळं दिसतं, माणूस साप समजून उडी मारून पलीकडे जातो. मग वळून बघतो, हलत नाही. पण थंडीत गारठलेले सापही हलत नाहीत. म्हणून काठीने डिवचतो, आणि मग ठरवतो. आपल्याला रज्जुसर्प कीर्तनातूनही ऐकून पाठ आहे. पण वेदान्तात दोरी कळली की साप गेला, आणि तसंच ब्रह्म कळलं की जग. कार्निआडीसची नजर काठीवर आहे: किती डिवचलं म्हणजे वागण्यापुरतं पुरे? पूर्ण खात्री तो मागतच नाही.

संशयवाद्यांचा मूळ पुरुष पिरो भारतात आला होता, मग संशयवाद आपल्याकडून गेला का?

तो ॲनॅक्झार्कसबरोबर अलेक्झांडरच्या स्वारीत होता आणि इथल्या दिगंबर साधूंना भेटला, असं डायोजिनीस लेअर्शियस लिहितो आणि त्याचा विचार त्यातूनच घडला असंही सुचवतो. हे लिहिलं गेलं मात्र पिरोनंतर काही शतकांनी. एकच किस्सा सांगतो: वादळात जहाजावर सगळे भेदरले असताना पिरोने शांतपणे खात बसलेल्या डुकराकडे बोट दाखवलं, शहाण्याने असं असावं.

प्रत्येक कारणाला कारण मागत गेलो तर?

ॲग्रिपा नावाचा संशयवादी म्हणतो, तीनच शक्यता: कारणं संपतच नाहीत, फिरून पहिल्यावर येतात, किंवा कुठेतरी ‘असंच आहे’ म्हणून थांबता. आपल्या न्यायशास्त्रात यातल्या पहिल्या दोहोंना नावंच आहेत, अनवस्था आणि चक्रक. हे शब्द वापरा, ग्रीक वाचताना फार कामाला येतात.

‘५१४अ’ असले आकडे काय असतात?

प्लेटोच्या १५७८च्या छापील आवृत्तीची पानं. कोणत्याही भाषांतरात तेच आकडे समासात असतात, म्हणून वेगवेगळी पुस्तकं घेऊन बसलेल्यांनाही एकच ओळ सापडते.

मग शेवटी ज्ञानाची व्याख्या ठरली का?

‘थिइटिटस’मध्ये तीन व्याख्या तपासल्या जातात: ज्ञान म्हणजे इंद्रियानुभव, ज्ञान म्हणजे खरं मत, ज्ञान म्हणजे कारणासह खरं मत. तिन्ही पडतात. चौथी काढायला वेळ नसतो, कारण सॉक्रेटिसला निघायचं आहे: मेलेटसने त्याच्यावर फिर्याद केली आहे आणि त्यासाठी ‘राजाची ओसरी’ म्हणवणाऱ्या सरकारी कचेरीत हजर व्हायचंय. जाताना तो संवादात हजर असलेल्या गणिती थिओडोरसला म्हणतो, उद्या सकाळी इथेच भेटू. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे सगळे येतात. ते बोलणं ‘सोफिस्ट’ या संवादात आहे, आणि आम्ही सध्या त्याच्या मध्यावर आहोत.